वेळेवर सोडणारी पकड

मी एक जुनी पकड आहे, मित्रांनो. पक्कड नव्हे. ती खिळे उपटते आणि सुताराच्या पिशवीत राहते. बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली येण्यासाठी माणसं पायांखाली दोन लांब पट्ट्या बांधतात, त्यातल्या एका पट्टीच्या मधोमध स्क्रूने बसवलेली असते ती मी. पुढून बुटाचं नाक धरायचं आणि मागून टाच धरायची, एवढाच आमचा पिढीजात धंदा. मला एक जुळी बहीण आहे. ती उजवी, मी डावी. त्यामुळे आमच्यात डावं-उजवं कधीचंच झालेलं आहे आणि त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या तपासनीस बाई प्रत्येक पकडीत पोलादी पाय अडकवून तो पिळून बघत. इतर कारखान्यांत विचारतात, "घट्ट धरते का?" आमच्या बाई विचारत, "सोडते का?" मला आधी हा अपमान वाटला. मग उमगलं. माणूस बर्फात पडतो तेव्हा पट्टी एका दिशेला जाते आणि माणूस दुसऱ्या. त्या क्षणी मी बूट सोडला नाही, तर मधल्या मध्ये गुडघा पिळला जातो. किती जोर आला की सोडायचं, ते माझ्या पाठीवरच्या इवल्याशा खिडकीतला आकडा ठरवतो. त्याला आम्ही नंबर म्हणतो. नंबर मोठा असला की पकड हट्टी, लहान असला की समजूतदार. वजनदार, वेगाने जाणाऱ्या, कसलेल्या माणसाला मोठा नंबर लागतो. नवशिक्याला लहान, आणि वय चढलेल्यालाही.

माझे पहिले मालक कसलेले होते. बर्फावरच्या पट्ट्यांत आयुष्य गेल्यामुळे घरात त्यांना सगळे 'पट्टीचे' म्हणत आणि त्यांना ते आवडत असे. त्यांनी मला नऊवर नेऊन ठेवलं. काळ्या उतारांवरून, म्हणजे नकाशात काळ्या रेघेने दाखवलेल्या, जवळजवळ उभ्या कड्यांवरून आम्ही एकत्र उतरलो. "काय पकड आहे!" असं ते चारचौघांत म्हणत. ते मला म्हणत की स्वतःला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग त्यांनी नव्या पट्ट्या घेतल्या. आमची रवानगी अडगळीच्या खोलीत झाली, इस्त्रीचं टेबल आणि मोडका पंखा यांच्यामध्ये. पंखा स्वभावाने बरा होता, पण त्याला थंडीचा विषय काढलेला चालत नसे. आम्ही नऊवर ताणलेल्या स्प्रिंगा घेऊन तिथे पडून राहिलो. ज्यांची स्प्रिंग कधी ताणली गेली असेल, त्यांना यातलं दुःख कळेल.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर सुट्टीचा बेत ठरत होता. अडगळीच्या खोलीचं दार टेबलाकडेच उघडत असल्याने मी सगळं ऐकलं. टेबलाशी चौघं होती. पट्टीचे आणि त्यांची बायको थोरली. थोरलीची बहीण धाकटी आणि तिचा नवरा. म्हणजे पट्टीच्यांचे साडू. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून ते चष्मेवाले.

"हे गाव बघा," पट्टीचे नकाशावर बोट आपटत म्हणाले. "सगळ्यांत उंच. दाराबाहेर पाऊल टाकलं की थेट काळा उतार. मध्ये वेळ घालवणं नाही."

"वा," चष्मेवाले म्हणाले. घोटभर पाणी प्यायले. "तिथे बसायला वगैरे जागा असते का?"

"उतारावर?"

"नाही, म्हणजे एकूणात."

"साडूबुवा, बसायला जायचं तर इथला सोफा काय वाईट आहे?"

चष्मेवाल्यांनी नकाशा जवळ ओढला. "ही हिरवी रेघ कसली?"

"ती पोराटोरांची. निळी त्यांच्या आयांची. आपण त्या रंगांकडे बघायचंसुद्धा नाही."

"हिरवा डोळ्यांना चांगला असतो," चष्मेवाले पुटपुटले.

धाकटीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

आता खरी गोष्ट सांगते. लग्न ठरायच्या आधी पट्टीच्यांनी या होतकरू साडूंना विचारलं होतं, "बर्फावर घसरता येतं का?" आणि ते म्हणाले होते, "येतं की!" कॉलेजच्या सहलीत ते एकदाच डोंगरावर गेले होते आणि बहुतेक उतार त्यांनी बसून पार केला होता. पण आपल्या भाषेत एक पंचाईत आहे. एखादी गोष्ट एक तर येते, नाही तर येत नाही. मुलगी पसंत पडलेली असताना 'नाही येत' कोण म्हणेल? तो एक शब्द इतकी वर्षं टिकला, कारण सुट्टीचा योगच आला नव्हता.

"तुम्ही पट्ट्या भाड्याने कशाला घेता?" पट्टीचे उठले आणि त्यांनी आम्हाला बाहेर ओढलं. पंख्याने निरोपसुद्धा घेतला नाही. "या घ्या माझ्या. आखूड आहेत, पटापट वळतात. नऊवर लावलेल्या आहेत, हात लावू नका. तुम्हाला येतंच!"

मित्रांनो, चष्मेवाले अंगाने काडी. त्यांचा अख्खा भार पडला तरी नऊवरची मी ढिम्म हलणार नाही, हे मला त्यांच्या मनगटाकडे बघूनच कळलं. ते पडतील, मी धरून बसेन आणि त्यांचा गुडघा जाईल. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण देवाने पकडीला जबडा दिला, जीभ दिली नाही.

घरी जागा नव्हती, म्हणून त्यांनी आम्हाला दुकानात उभं केलं, भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता होता त्याच्या शेजारी. दुकान छोटं पण लख्ख होतं. काचेच्या कपाटातून पन्नास रिकाम्या फ्रेमा एकदम आमच्याकडे बघत. तिथे मी चष्मेवाल्यांना काम करताना पाहिलं, आणि हा वेगळाच माणूस होता. खुर्चीत एक आजोबा बसले होते. शेवटच्या ओळीला अडखळून ते म्हणाले, "हा र असावा. किंवा स."

"अंदाज नको, आजोबा."

"पण जवळपास आलाय ना?"

"इथे परीक्षा नाही चाललेली. दिसत नसेल तर नाही म्हणा. तुम्ही पास झालात तर माझा नंबर चुकतो, आणि मग तुम्ही जिन्यावरून पडता."

आजोबा सुटकेने म्हणाले, "मग नाही दिसत. वरची ओळपण नाही."

"शाब्बास!" चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी भिंग बदललं. धाकटी हिशेबाच्या टेबलामागे फ्रेमा पुसत होती. तिचा हात मधेच थांबला आणि तिने एकदा आमच्याकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

निघायच्या आदल्या आठवड्यात धाकटी म्हणाली, पट्ट्या तपासून घेऊ. चौघंही पट्ट्यांच्या कार्यशाळेत गेली. तिथे मेणाचा वास होता, जमिनीवर पोलादाचा कीस होता आणि एक यंत्र होतं. ते बघून मला तपासनीस बाईंची आठवण आली. इथल्या मिस्त्रीणबाईंनी मला उलटंसुलटं केलं, खिडकीतला नऊ पाहिला, मग चष्मेवाल्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. उंची विचारली, वजन विचारलं, बुटाचा तळ मोजला. स्क्रूड्रायव्हर माझ्या स्क्रूवर टेकवला आणि विचारलं, "येतं की शिकताय?"

पट्टीचे अभिमानाने हसत उभे होते.

"तसं येतं," चष्मेवाले म्हणाले.

"तसं म्हणजे?"

"म्हणजे, जमतं."

"जमतं म्हणजे कसं?"

"झेपतं. साधारण झेपतं."

प्रत्येक शब्दाला ते एकेक पायरी खाली येत होते, पण जमिनीला पाय लागेना. तेवढ्यात धाकटीने हातमोज्यांच्या ढिगातून मान वर न काढता म्हटलं, "अंदाज नको, आजोबा."

चष्मेवाल्यांचे कान लाल झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग पट्टीच्यांकडे वळून ते स्पष्ट म्हणाले, "भाऊ, मला नाही येत. एकदाच गेलो होतो, तेही बसून आलो."

"काय सांगता? मग तेव्हा येतं म्हणालात ते?"

"तेव्हा लग्न ठरायचं होतं."

"म्हणजे मी पट्ट्या बघून लग्न केलं असं वाटत होतं तुला?" धाकटी म्हणाली. पण ती हसत होती आणि तिने मऊ अस्तराचे हातमोजे त्यांच्या हातात ठेवले.

मिस्त्रीणबाईंनी स्क्रू फिरवायला सुरुवात केली. आठ, सात, सहा. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी श्वास घेतला. नंबर साडेचारावर आला. यंत्राने मला पिळलं आणि मी टक् करून सोडलं. "उत्तम," बाई म्हणाल्या. "स्प्रिंग टिकलीय. पट्ट्या जरा कडक आहेत, पण आखूड आहेत, शिकायला चालतील. आता तुमच्या द्या, काका."

"माझ्या ठीक आहेत," पट्टीचे म्हणाले.

"वय?"

"चाळिशी."

थोरलीला जोरात खोकला आला.

"चाळिशी माझ्याच दुकानातून नेलीये त्यांनी," चष्मेवाले गंभीरपणे म्हणाले. "नेऊन बरीच वर्षं झाली. काचसुद्धा दोनदा बदललीय."

बाईंनी पट्टीच्यांचाही नंबर उतरवला. ते फिरत्या स्क्रूकडे बघत राहिले. मग थोरलीच म्हणाली, "सांगा की आता. गुडघा कुरकुरतो म्हणून रोज कोण तेल चोळून घेतं?"

"कोणी तरी सोपं गाव सुचवेल म्हणून थांबलो होतो," पट्टीचे म्हणाले. "मी कसा सुचवणार?"

त्या संध्याकाळी बेत नव्याने ठरला. खालच्या अंगाचं रुंद, सौम्य उतारांचं गाव. सकाळी नवशिक्यांचा वर्ग, दुपारी गरम सूप, आणि निळ्या रेघेच्या वर कोणी जायचं असेल तर सगळ्यांना सांगून जायचं. राहण्याची जागा त्या वर्गाच्या उताराला लागून, म्हणजे दमलं की चालत घरी. पट्टीच्यांनी हिरव्या रेघेवर स्वतः बोट ठेवून पाहिलं. बोट जळलं नाही.

काल पहिला दिवस होता. चष्मेवाले वर्गातल्या पाच-सहा जणांच्या रांगेत शेवटी उभे होते. निघाले, थोडं गेले, स्वतःच्याच वेगाला दचकले आणि पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवर चढल्या. ते डावीकडे पडले, पट्टी उजवीकडे निघाली. माझ्यावर जोर आला, वाढला आणि अगदी ऐन वेळी मी त्यांचा बूट सोडला. ते बर्फात बसले. एक गुडघा चाचपला, मग दुसरा. दोन्ही जागेवर होते. मग त्यांनी वर बघून, निकाल लागल्यासारख्या आनंदाने हाक मारली, "पडलो!"

"मग ऊठ!" वरून धाकटी ओरडली. तिच्या शेजारी पट्टीचे टाळ्या वाजवत होते, दोन्ही हातांनी, हातमोज्यांमुळे आवाज न करता.

त्यांनी माझ्यातला बर्फ बोटाने खरवडून काढला, बुटाचं नाक बसवलं, टाच दाबली आणि पुन्हा निघाले. या वेळी दहा हात जास्त गेले.

तर मित्रांनो, एक विनंती. हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्हाला जाणकाराकडे नेत जा. बर्फातून आणलं की पुसून कोरडं ठेवा, आणि दुसऱ्याच्या नंबरावर कधीही उभे राहू नका, तो दुसरा कितीही जवळचा असला तरी. आम्हाला धरायला उत्तम येतं. सोडायचं कधी, तेवढं मात्र तुम्ही खरं सांगितलंत तरच आम्हाला कळतं. आणि पडलात की वर बघून मोठ्याने हाक मारा. माणसं वर उभी असतात, ती तेवढंच ऐकायला थांबलेली असतात.