कडा न कापलेली प्रत

सुरीच्या पात्यावर पपईची एक काळी बी चिकटून राहिली होती, ओलसर, आपल्याच पातळ पिशवीत बसलेली, आणि ती पुसावी की राहू द्यावी एवढ्याशा निर्णयालाही आज आपल्याला वेळ लागतो आहे हे तिच्या लक्षात आलं... प्रश्न बीचा नव्हताच, सुरीचा होता, आणि सुरीपासून चार बोटांवर ते पुस्तक पडलेलं होतं.

"वन्सं, समुद्र तिकडे आहे," वहिनी म्हणाली. तोंडात पपईची शेवटची फोड होती, त्यामुळे दिशा बोटानेच दाखवली. "दोन दिवस तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलाय. भिंत काय, घरीपण होती."

"तू हो पुढे. लेख संपवायचाय. पाचपर्यंत द्यायचाय."

"लेख का उट्टं?"

चार वर्षांपूर्वी भाऊ गेला, त्यानंतर दोघी एकाच घरात राहत होत्या, आणि वहिनीने तिचं एक पानही वाचलेलं नसूनही नेमकं काय लिहिलं जाणार आहे हे तिला आधी कळायचं. विद्यापीठात असा वाचक तिला कधी भेटला नव्हता.

वहिनी टॉवेल खांद्यावर टाकून पायऱ्या उतरली. जाताना तिने मालकाला पंख्याची आठवण करून दिली. व्हरांड्याच्या टोकाला आरामखुर्चीत पसरलेल्या मालकाने डोळे न उघडता हात वर केला. "होऊन जाईल."

या हॉटेलात सगळंच होऊन जाणार होतं. नळ, पंखा, दुपारचं जेवण, मुख्य भूमीवर परत नेणारी बोट. खोल्यांची दारं खाऱ्या हवेने फुगली होती आणि एकदा लावली की खांदा दिल्याशिवाय उघडत नव्हती. चादरीत वाळू होती. भिंतीवरचं घड्याळ सव्वादहाला थांबलं होतं आणि त्याची कुणालाच अडचण नव्हती. अशा ठिकाणी माणसं विसरायला येतात. ती आली होती ती आठवणीला धार लावायला, आणि जागा तिने पूर्ण शुद्धीत निवडली होती. बावीस वर्षांपूर्वी तिच्या एकुलत्या एका ग्रंथाचं जे अकरा पानी परीक्षण छापून आलं, त्याच्या शेवटी तारखेखाली या बेटाचं नाव होतं. ते लिहिणारे सर दर सुट्टीत इथेच उतरायचे. विभागात त्यांना सगळे न्यायमूर्ती म्हणत. निकाल लागल्यावर अपील कुठे करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं म्हणून.

आता न्यायमूर्तींची पंचाहत्तरी होती, गौरवग्रंथ निघत होता, आणि तिच्याकडे लेख मागितला गेला होता. ती हो म्हणाली तेव्हा संपादकांना आश्चर्य वाटलं असावं. तिला वाटलं नाही. जिथे निकाल लिहिला गेला तिथेच बसून अपील लिहायचं, सभ्य, निर्दोष, तळटीपांसह... एवढं तिने ठरवलं होतं. पुस्तक सापडेल हे मात्र तिने ठरवलेलं नव्हतं.

ते काल संध्याकाळी सापडलं. व्हरांड्यात एक फडताळ होतं, पाहुण्यांनी मागे टाकलेल्या पुस्तकांचं; प्रवासवर्णनं, रहस्यकथा, एक बाळाच्या आहाराचं, आणि खालच्या कप्प्यात दमटपणाने दुप्पट झालेला एक राखाडी कणा, जो तिने हात लावायच्या आधी ओळखला. आपलं मूल गर्दीत पाठमोरं ओळखावं तसा — छे, ही उपमा खोटी आहे, मूल असतं तर ते एव्हाना कधीच आपल्या वाटेने निघून गेलं असतं. आतल्या पानावर तिचंच अक्षर: 'आदरणीय सरांना — वाचून कठोरपणे लिहावं, ही विनंती.'

त्यांनी विनंतीचा फक्त उत्तरार्ध पाळला होता.

कारण पुस्तकाची पानं कापलेलीच नव्हती. पहिल्या दहा प्रती बांधणीतून निघाल्या तेव्हा छापखान्याच्या कटिंग मशीनचं पातं धारेला गेलं होतं, आणि तिला धीर नव्हता. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पहिलं पुस्तक हातात आलं की धीर कसला... तिने एक तशीच उचलून सरांच्या घरी नेऊन दिली होती. आठ-आठ पानांच्या घड्या, वरच्या कडेला जुळलेल्या. वाचायचं तर एकेक घडी सुरीने उघडावी लागणार. बत्तिसाव्या पानापर्यंत ती उघडलेली होती, स्वच्छ, नीटस. तिथून पुढे घड्या मिटलेल्या. बावीस वर्षं.

घडीतली सगळीच पानं झाकलेली नसतात. दर चारांतली दोन सुरी न लावताही दिसतात, दोन आत राहतात. काल दिवा मिणमिणत असताना तिने परीक्षणातली अवतरणं आठवली (आठवायची काय, ती पाठच होती) आणि एकेक पान पडताळत गेली. एकोणपन्नास. चौऱ्याऐंशी. एकशे तेरा. एकशे साठ. चारही उघडी. एकसुद्धा अवतरण झाकलेल्या पानावरचं नव्हतं. आणि ज्या एका वाक्याने तिचा ग्रंथ संपला, 'हे अक्षर एखाद्या लेखनिकाचं असू शकेल, हा साधा पूर्वपक्षही लेखिकेला सुचलेला नाही', त्या पूर्वपक्षाचं सविस्तर उत्तर एकशे चौदा आणि एकशे पंधरा या पानांवर होतं. झाकलेल्या.

तिने फोटो काढले होते, अकरा. सगळे निरुपयोगी. न उघडलेलं पुस्तक फोटोत नुसतं मिटलेलं दिसतं.

"हे सर इथे यायचे ना," तिने सकाळी मालकाला विचारलं होतं, पुस्तक पुढे धरून. "जाड चष्म्याचे."

"ते होय! देवमाणूस." मालकाने त्या दिवसात पहिल्यांदाच दोन्ही डोळे उघडले. "पंधरा वर्षं आले. कशाची कटकट नाही. सकाळी पोहायचे, दुपारभर झोपायचे, आणि जायच्या आदल्या दिवशी बसायचे ते भराभरा, भराभरा लिहायचे. मी म्हणायचो, सर, एवढं डोक्यात मावतं कसं?"

"आणि वाचायचे कधी?"

मालकाने प्रामाणिकपणे विचार केला. "तसं नाही पाहिलं बुवा."

ही साक्ष होती. साक्षीदार पुन्हा झोपला होता.

बाराच्या सुमारास जावयाचा फोन आला. संपादक म्हणजे न्यायमूर्तींचे जावई. गादी घरातच राहिली होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

"मॅडम, तुमचाच तेवढा राहिलाय. पाचला पानं लावायला घेतोय. काही फार नको हो, चार आठवणी... काहीतरी हृद्य."

"हृद्य," ती म्हणाली.

"हो ना. सर रोज विचारतात, कुणाकुणाचे आले. डोळे गेलेत त्यांचे आता, तुम्हाला ठाऊक असेलच. मीच वाचून दाखवतो सगळे. तुमचाही दाखवेन."

फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ दया येते का याची वाट पाहत बसली. ती आली नाही. जे आलं ते थंड होतं आणि जवळजवळ सुखाचं: जे त्यांनी डोळे असताना चाळलंही नाही ते आता त्यांना कानांनी, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सक्तीने घ्यावं लागणार, झोप लागली तर जावई थांबेल, आणि जाग आल्यावर तिथूनच पुढे सुरू करेल.

तिने वही ओढली. वाक्यं कधीपासून तयार होती. बावीस वर्षं रांगेत उभी असल्यासारखी ती शिस्तीत उतरत गेली — पुस्तकाच्या उरलेल्या प्रती प्रकाशकाने रद्दीत कशा घातल्या. विभागातली जागा 'अपुरी अभ्यासशिस्त' या दोन शब्दांवर कशी गेली. नंतरची सगळी वर्षं रात्रमहाविद्यालयात, जांभया देणाऱ्या पहिल्या वर्षाला लिप्या शिकवण्यात कशी गेली... हे तिने लिहून खोडलं. गाऱ्हाणं नको. फक्त पानांचे आकडे. आकड्यांना रडता येत नाही. एकोणपन्नास, चौऱ्याऐंशी, एकशे तेरा, एकशे साठ. आणि आता एकशे चौदावरचा मजकूर, शब्दशः.

शब्दशः मात्र तिला आठवेना.

आशय येत होता. दोनशे वर्षांपूर्वीचा तो वैद्यकग्रंथ, ज्याचं श्रेय एका नामांकित वैद्याला देत आले, तो लिहिला त्याच्या मुलीने. मूळ हस्तलिखिताच्या समासात ज्या दुरुस्त्या आहेत त्या लेखकालाच सुचाव्यात अशा आहेत. आणि त्यांचं अक्षर मुलीच्या उपलब्ध पत्रातल्या अक्षराशी जुळतं. तेव्हा लेखनिकाचा प्रश्नच मिटतो. हे सगळं येत होतं, पण वाक्यं हवी होती. जवळ दुसरी प्रत नव्हती. आणि ही कापायची म्हणजे पुरावाच कापायचा.

तिने पुस्तक उभं धरलं, घडी बोटांनी फुगवली आणि खालून आत डोळा लावला, विहिरीत वाकून पाहावं तसा. आत पिवळट उजेड होता, आणि तळाशी तिची वाक्यं, तिरकी, अर्धी. '...स्वहस्ताक्षरातील एकमेव पत्र...' आणि तळटीप: 'वडिलांच्या मृत्यूनंतरच्या तिसऱ्या वर्षीचं.'

तिसऱ्या वर्षीचं.

तिने पुस्तक खाली ठेवलं. बाहेर कुणीतरी नारळ फोडत होतं, एकाच लयीत. तिसऱ्या वर्षी... तिसऱ्या वर्षी काहीतरी होतं. दुसऱ्या. दुसऱ्या वर्षी ती जिन्यावरून — नाही. ते दुसऱ्या कुणाचं असेल. नाही, तिचंच. सातव्या प्रकरणात मी लिहिलं होतं, मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं, कारण इतक्या कोरड्या पुस्तकात तेवढीच एक जागा मिळाली होती त्या बाईला माणूस म्हणून दाखवायला...

ती उठली. समुद्राकडे जाणं हा पळ नव्हता, असं स्वतःला सांगत ती वाळूपर्यंत गेली. वहिनी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, हात पसरून, एखादं पातेलं उतू जाऊ नये म्हणून लक्ष ठेवावं तशी प्रत्येक लाटेकडे बघत.

"आलात? या! पाणी चहाइतकं कोमट आहे!"

"वहिनी, समजा एखाद्याने तुझी भाजी न चाखताच नावं ठेवली."

"तुमच्या भावाने तीस वर्षं तेच केलं."

"आणि समजा खरंच मीठ पडलेलं नसलं तर?"

वहिनीवर एक लाट आली, ती ओसरेपर्यंत ती नाक धरून उभी राहिली. मग चेहरा पुसत म्हणाली, "तर भाजी अळणी. तो मेला खोटारडा तो खोटारडाच, पण भाजी अळणीच की हो. मीठ कोण घालणार, तो?"

ती परत फिरली. व्हरांड्यात तिने पात्यावरची बी अंगठ्याने काढली, सुरी पदराला पुसली, एकशे चौदाच्या घडीत सरकवली आणि ओढली. कागद अपेक्षेपेक्षा मऊपणे फाटला. मांडीवर बारीक भुसा पडला. पुरावा. मग एकशे सत्तर. इथे हात जरा वाकडा गेला. सापडलं. 'वडिलांच्या मृत्यूनंतरच्या दुसऱ्या वर्षी जिन्यावरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं. त्यानंतर तिने स्वतःच्या हाताने काही लिहिल्याचं आढळत नाही; पत्रं ती सांगून लिहून घेत असे.'

दोन पानं, मध्ये छप्पन पानांचं अंतर, दोन वर्षांच्या फरकाने एकाच हाताने लिहिलेली, आणि एकमेकांना कधीच न भेटलेली. जे पत्र तिने मुलीचं अक्षर म्हणून दाखवलं ते मुलीने लिहिलेलंच नव्हतं. ते लेखनिकाचं होतं. समासातलं अक्षरही म्हणजे त्याचंच.

ते बरोबर होते. न वाचता, पोहून, झोपून उठून, जायच्या आदल्या दिवशी भराभरा... बरोबर.

तिला वाटलं होतं आता काहीतरी कोसळेल. तिने वाट पाहिली, मघाशी दयेची पाहिली तशीच. कोसळलं नाही. राग होता, पूर्वीइतकाच गार, पण त्याने जागा बदलली होती. आतापर्यंत तिला वाटायचं त्यांनी तिचं पुस्तक मारलं. पुस्तक मारायला ते पुस्तकाजवळ आले कुठे? एक सुरी, एक दुपार एवढं त्यांनी दिलं असतं तर त्यांना हे दिसलं असतं, त्यांची नजर तेवढी तीक्ष्ण होती, आणि मग ते खरोखर कठोरपणे लिहू शकले असते, आणि ती एकोणचाळिसाव्या वर्षी उठून पुन्हा दप्तरखान्यात गेली असती, मनगट मोडण्यापूर्वीचं एखादं पत्र शोधायला. असेल ते कुठेतरी. नसेलही. ग्रंथ मुलीचा असेल, नसेल. हे कुणालाच ठाऊक नाही, मलासुद्धा नाही, आणि बावीस वर्षं मी ते ठाऊक असल्याच्या थाटात जगले. नीट खोडलं जाण्याचा माझा हक्क होता. तो त्यांनी बुडवला. आणि मी? मी तरी माझं पुस्तक त्यानंतर उघडलं होतं का?

तिने वहीतलं पान पाहिलं. आकडे अजून खरे होते. एकही खोडावा लागणार नव्हता. फक्त ते पुरे नव्हते. त्यांच्याखाली आणखी दोन आकडे लिहावे लागणार होते, एकशे चौदा आणि एकशे सत्तर, आणि ते जावयाच्या आवाजात न्यायमूर्तींना ऐकवताना कुणाची मान खाली जाईल हे तिला सांगता येत नव्हतं.

तिने ते लिहिले. पेन्सिल जास्तच दाबली गेली.

फोन वाजला तेव्हा ऊन खुर्चीच्या पायापर्यंत आलं होतं. "मॅडम, पाच वाजले. पाठवताय ना?"

"होऊन जाईल," ती म्हणाली, आणि आरामखुर्चीतल्या मालकाने, आपल्यालाच कुणी हाक मारली असं वाटून, हात वर केला.

"म्हणजे कधी?" जावई विचारत होता. "पानं लावायची थांबवू का? मॅडम?"

तिने फोन पालथा ठेवला. बत्तीसनंतरची पहिली घडी शोधली, पान चौतीस. वरच्या कडेत सुरी घातली, आणि या खेपेला हात वाकडा जाऊ नये म्हणून डाव्या तळव्याने पुस्तक घट्ट दाबून धरलं. आत काय लिहिलं आहे ते तिला आठवत नव्हतं. आठवावं असंही वाटत नव्हतं. वाचायचं होतं.