बाबांच्या गाठीची फीत

मित्रांनो, मी एक जुनी डाळिंबी फीत आहे. खरं म्हणजे मी दोन तुकडे आहे, पण बोलायला तोंड एक पुरतं. देवाने मला ते फार उशिरा दिलं, एवढीच माझी तक्रार. वेळेवर दिलं असतं, तर दोन बहिणींची ताटातूट झाली नसती.

माझा जन्म गिरणीतला. केसाहून बारीक रेशमी धागे विणले, रंगात बुडवले आणि मला पुठ्ठ्याच्या रिळावर गुंडाळलं. दुकानाच्या खिडकीत उन्हाने विटत चालले होते, तेव्हा पोस्टात पार्सलं बांधणाऱ्या एका माणसाने मला चार हात मापून घेतलं. त्याला दोन मुली. थंडीच्या सुट्ट्या लागल्या की तो दोघींत मिळून एक मोठं खोकं बांधायचा आणि वर माझी गाठ मारायचा. ती गाठ त्याची स्वतःची. टोक आत लपलेलं. खालून नखाने हलकेच उचललं तरच सुटायची. मुली उतावीळ व्हायच्या.

"हळू गं बायांनो!" तो म्हणायचा. "गाठ सोडायची असते. कात्री लावतो तो एक तर आळशी, नाहीतर रागावलेला."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा घात त्यानेच केला.

बाबा गेले. थोरली एका गावात पुस्तकबांधणीच्या कामाला लागली. धाकटी दुसऱ्या गावात, शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करू लागली. रीत अशी पडली, की एका सुट्टीत थोरलीने माझ्यात भेट बांधून पाठवायची. धाकटीने मला सोडायचं, गुंडाळून ठेवायचं आणि पुढच्या सुट्टीत आपल्या भेटीवर बांधून परत धाडायचं.

ते माझे सोन्याचे दिवस. विकतचा चकचकीत कागद दोघींनाही वर्ज्य. धाकटीने एकदा सरबताची बाटली जुन्या शर्टाच्या बाहीत घातली, मनगटाचं बटण लावलं आणि चिठ्ठी लिहिली, 'ताई, बाटलीला थंडी वाजते. आधी बटण काढ, मग गळा धर.' थोरलीने कॅलेंडरच्या जुन्या पानांत लोकरीचे मोजे गुंडाळले. 'हे माझे वाया गेलेले दिवस. जपून उघड.' कधी बटाट्याच्या ठशांनी नटवलेला खाकी कागद, कधी वाळक्या पानांची नक्षी, आणि वर मी! शेजारणी म्हणायच्या, "अगंबाई, फीत अजून तीच?" मी मनातल्या मनात फुलून जायचे.

मग एका सुट्टीत धाकटीची गाठ सैल आली. थोरलीने आपल्या भेटीबरोबर चिमटा काढला. 'काय गं, बाबांची गाठ विसरलीस? की बहिणीसाठी तेवढाही वेळ नाही?' थट्टाच होती ती. आणि मला मात्र तिने घट्ट बांधलं, अगदी बाबांसारखं.

धाकटीच्या बोटांचे सांधे धरले होते. थोरलीला त्याचा पत्ताच नव्हता. धाकटीने खिडकीपाशी बसून मला नखाने सोडून पाहिलं, दातांनी पाहिलं, सुईने पाहिलं. टोक सापडत होतं, पण चिमटीत धरवत नव्हतं. शेवटी दोन्ही मुठींत कात्री धरून तिने डोळे मिटले. पातं गार होतं, मित्रांनो. माझ्यापेक्षा मला तिचंच वाईट वाटलं.

तिची लेक जवळच होती. ती म्हणाली, "आई, मी मावशीला लिहू का, तुझ्या हातांचं?"

"खबरदार! काम टाकून धावत येईल ती. तिने काय जन्मभर माझे हात चोळत बसायचं?"

पुढच्या सुट्टीत भेट गेली ती साध्या कागदात, वेडीवाकडी खळ लावून. माझे दोन तुकडे वर चिकटवलेले. चिठ्ठी नव्हती. लेखणी तरी कुठे धरवत होती?

थोरलीने माझी कापलेली कड अंगठ्याने चाचपली.

"कात्री लावलीस? बाबांच्या गाठीला?" त्या रिकाम्या खोलीत ती म्हणाली. "एवढ्याशा थट्टेचा एवढा राग? बरं बाई. राहा सुखात."

अगं वेडे, राग नव्हे, बोटं! मी आतल्या आत ओरडत होते. तिने मला दोऱ्यांच्या खणात टाकलं. सहा सुट्ट्या आल्या नि गेल्या. इकडून भेट नाही, तिकडून नाही. खणात सरसाचा वास होता आणि कसरीची भीती.

सातव्या सुट्टीत दार वाजलं. भाची आली होती, एकटीच.

"मावशी, आई गेली. पंधरा दिवस झाले. पत्रात लिहवेना, म्हणून आलेच."

तिने एक शर्टाची बाही पुढे केली, मनगटाचं बटण लावलेली. थोरलीने बटण काढलं. आतून सुतळीचे तुकडे पडले, तीस-चाळीस तरी असतील. प्रत्येकावर एक गाठ. कुठे वाकडी, कुठे अर्धवट, कुठे नुसता गुंता.

"रोज संध्याकाळी बसायची," भाची म्हणाली. "बोटं वळत नव्हती गं तिची, किती वर्षं. म्हणायची, एक तरी बाबांसारखी जमू दे. मग भेट पाठवते, म्हणजे ताई रुसवा सोडेल."

"बोटं?" थोरली एवढंच म्हणाली.

तिने एकेक गाठ उजेडात धरून पाहिली. एक जवळजवळ जमली होती. टोक तेवढं आत जायचं राहिलं होतं.

मग तिने मला खणातून काढलं, माझे दोन्ही तुकडे बाबांच्या गाठीने जोडले आणि त्या सुतळ्यांच्या जुडीभोवती मला बांधलं. ही गाठ आता कुणी सोडायची नाही.

मित्रांनो, सुट्ट्यांत भेटी बांधाल, उघडाल, तेव्हा कागद जपा, फिती गुंडाळून ठेवा. आम्हालाही जीव असतो. पण कधी कुणाकडून कापलेली फीत आली, वाकडा चिकटवलेला कागद आला, तर तोंड फिरवू नका. आधी विचारा, 'हात बरे आहेत ना?'

चारच शब्द. सहा वर्षं ते माझ्या एकटीच्या मनात होते, आणि मला तोंड नव्हतं. थोरलीला होतं.