शालिग्रामरावांचा पारा

“घर में पारा रखा है क्या?” डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर उचलली.

“हव, हमारा पारा गुढियारी है,” शालिग्रामराव म्हणाले. छत्तीसगढीत वस्तीला पारा म्हणतात. त्या शब्दाआड त्यांना लपायचं होतं.

पण शेजारी लताबाई बसल्या होत्या, आणि त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होत्या. नवऱ्याच्या थरथरणाऱ्या हातांकडे त्यांनी पाहिलं. दिवाळीपासून सगळे म्हणत होते, वयानं होतंय.

“तुम्ही तं बंद केलं होतं ना?”

“रिटायर झाल्यावर पुन्हा सुरू केलं. तू कॉलेजात गेली की.”

समता कॉलोनीतल्या दवाखान्यातून दोघं रिक्षानं घरी निघाली. छत्तीसगढ राज्य नवं झालं होतं, शहर राजधानी झालं म्हणून रस्ते रुंद होत होते, आणि खोदलेल्या मातीतून रिक्षा हेलकावत चालली होती.

शालिग्रामराव रेल्वेच्या मालगोदामात बाबू होते. तरुणपणी रद्दीच्या दुकानातल्या एका जुन्या पुस्तकात त्यांना हर्मिस भेटला. इजिप्तचा हा ऋषी खरंच होऊन गेला की नाही, कोणाला ठाऊक नाही. पण त्याच्या नावानं सांगतात की जे वर आहे तेच खाली आहे. आकाशातला सूर्य आणि जमिनीतलं सोनं एकाच जातीची. धातू शुद्ध करता करता करणाराही शुद्ध होतो. शालिग्रामरावांना ते पटलं. ड्यूटी संपली की मागच्या खोलीत शेगडी पेटायची आणि पाऱ्याचं सोनं करायचा खटाटोप चालायचा. लग्नानंतर लताबाईंनी पाऱ्याची वाफ किती विषारी ते समजावलं, तेव्हा त्यांनी बरणीला बूच लावलं आणि शब्द दिला. तो आता मोडला होता.

घरी आल्यावर लताबाईंनी मागच्या खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या. मग बाहेर ओट्यावर नवऱ्याशेजारी येऊन बसल्या.

“सोनं काहून पाहिजे होतं तुम्हाले? मी कधी मागितलं?”

“सोनं कोणाले पाहिजे? पारा तापून तापून स्थिर होते म्हणतात. माणूस बी होते का, ते मले पाहायचं होतं.”

“मग? झाले का?”

“ते तू सांग.”

लताबाईंना राग धरून ठेवायचा होता. पण त्यांना हसू फुटलं. “पहिले ताट भिरकवत होते तुम्ही. आता भाजीत मीठ नसलं तं गपचूप जेवता.”

“ते पाऱ्यानं झालं का तुझ्यानं, काय सांगावं.”

बरणी घरात ठेवता येणार नव्हती. कॉलेजची प्रयोगशाळा ती घ्यायला तयार झाली, पण शालिग्रामराव अडून बसले. “मीच नेऊन देतो. चोरासारखी काहून पाठवायची?”

लताबाईंनी बूच मेणानं बंद केलं, बरणी बादलीत वाळूत रोवली, आणि दोघं निघाली. प्रयोगशाळेत यामिनी नावाची नवी लेक्चरर होती. तिनं बादली कपाटात ठेवली आणि विचारलं, “नाना, आप इससे क्या करते थे?”

ते सांगू लागले. ऐकता ऐकता यामिनीनं शेजारच्या वर्गाचं दार उघडलं. “पाँच मिनट बच्चों को भी बता दीजिए.”

शालिग्रामरावांनी बायकोकडे पाहिलं. लताबाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

शालिग्रामरावांनी हिंदीत सांगितलं की शेकडो वर्षं माणसं अशीच शेगडीपुढे बसली. न्यूटनसुद्धा बसला. सोन्यापायी गाळणं, उकळणं, वाफ धरणं शिकत गेली, आणि त्यातलं बरंच पुढे प्रयोगशाळांनी उचललं.

“सर, सोना बना क्या?” एका मुलीनं विचारलं.

“नहीं बना, बेटी.”

वर्ग हसला, तेही हसले. लताबाई मात्र मान खाली घालून बसल्या. इतकी वर्षं हा माणूस आपल्या घरात होता आणि आपण त्याचं एकदाही सलग ऐकलं नाही, असं त्यांना वाटत होतं.

मग शालिग्रामरावांनी फळ्याजवळ जाऊन खडू घेतला. वर एक मोठं वर्तुळ काढलं, आकाशाचं. खाली एक लहान, माणसाचं. हात थरथरला, दोन्ही वर्तुळांना नागमोडी कडा आल्या. ते ओशाळून डस्टर शोधू लागले.

“राहू द्या,” मागून लताबाई म्हणाल्या.

समोर मुलींनी वह्या उघडल्या होत्या. त्या एकेक वळण नीट पाहून ती वर्तुळं तशीच, नागमोडी कडांसकट, उतरवून घेत होत्या.