आधी वरचा बोल्ट

माझे सासरे जन्मभर बस डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाले, पण हात काही स्वस्थ बसत नाहीत. घरातला मिक्सर, शेजाऱ्यांची स्कूटर, दिसेल ते उघडून बसतात. माझ्या गाडीचा तर मी नुसता नावाचा मालक.

त्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे निरोप घ्यायला आलो होतो. माझी बदली लांब झाली होती, आता दोन वर्षं तरी येणं होणार नव्हतं. जेवून लगेच निघायचं आणि सोमवारी सामान बांधायला घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. बायको म्हणत होती, एक दिवस राहू या. मी नाही म्हटलं. आणि मी एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी नाहीच.

जेवण झाल्यावर सासऱ्यांनी जाहीर केलं, की एवढा प्रवास आहे तर मागच्या डिफरन्शियलचं ऑइल बदललंच पाहिजे. म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यातलं. अर्ध्या तासाचं काम, म्हणाले. नव्या ऑइलचा डबाही आणून ठेवलेला. मी नको नको म्हणेपर्यंत गाडी ठोकळ्यांवर आणि सासरे गाडीखाली.

या गोळ्याला दोन बोल्ट असतात. खालचा काढला की जुनं ऑइल गळतं, वरच्यातून नवं भरायचं. नियम एकच, आधी वरचा सोडवायचा. तो गंजून बसला असला आणि तुम्ही खालचा काढून मोकळे झालात, तर नवं ऑइल भरता येत नाही आणि गाडी जागची हलवता येत नाही. हा नियम मला यांनीच शिकवला. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत, नव्या कपड्यांत गाडीखाली झोपवून, घोकून घेतला होता.

त्याच माणसाने खालचा आधी काढला. काळं ऑइल घमेल्यात भळाभळा आलं आणि मागोमाग गाडीखालून शांत आवाज आला, "वरचा जाम आहे हो."

माझं डोकं सणकलं. रविवार, सगळी गॅरेजं बंद. मोठ्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून मी अंगणात येरझाऱ्या घालत मनातल्या मनात त्यांची यथेच्छ धुलाई केली. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. खाली कण्हणं-कुंथणं चाललं होतं. मी बघतो म्हटलं, तर बाहेर येईनात. तुमचे कपडे खराब होतील, कंबर धरेल, सतरा कारणं. शेवटी जवळजवळ ओढूनच काढले.

आत सरकलो, वरच्या बोल्टला पाना लावला आणि सगळी ताकद एकवटून जोर केला. पाना सुळकन फिरला, माझी बोटं पत्र्यावर आपटली. बोल्ट हाताने निघत होता. आट्यांना ताजं ग्रीस होतं. म्हणजे सकाळीच कधीतरी सोडवून, पुसून, परत लावला होता. नियम त्यांनी मोडलाच नव्हता.

गाडीखालून मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. एका जागी उभे. शेजारी बायकोचे पाय, आणि जमिनीवर टेकवलेली बॅग.

"निघतोय का?" त्यांनी विचारलं. सासऱ्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी बोल्ट बोटांनीच परत आवळला.

"नाही बाबा," मी म्हणालो. "उद्या गॅरेजवाल्यालाच बोलवावं लागेल."

मग ते लेकीला म्हणाले, "बॅग आत ने गं. जावईबापूंना काही जमत नाहीये."