अहो, पायरी

मामांची नजर पुरती गेली तेव्हा भाच्याने त्यांच्यासाठी तळहाताएवढं यंत्र तयार केलं. लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारं, गळ्यात अडकवायचं. कॅमेऱ्याला पुढे पायरी, खड्डा किंवा खांब दिसला की ते बोलून सांगायचं. एरवी त्यातून मामीचं गाणं वाजायचं, हा मामांचा हट्ट. मामी वर्षापूर्वी गेली. मामांना अंधुक दिसायचं तेव्हा ती त्यांचा हात धरून गात चालायची, आणि ते गाणं मामांनी चालता चालताच रेकॉर्ड करून ठेवलं होतं.

गाणं आणि सूचना, दोन्ही आवाज जागा वाचावी म्हणून दाबून भरलेले, आणि स्पीकर एकच. एका म्यानात दोन तलवारी. भाच्याने दोन्ही उलगडले, एकमेकांत मिसळले, सूचना आली की गाण्याचा आवाज आपोआप खाली बसेल अशी सोय केली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. तपासताना तो गाण्याच्या सुरुवातीचाच तुकडा ऐकायचा. मामीचा आवाज त्याला त्यापुढे सोसत नव्हता.

पहिल्याच आठवड्यात मामा सपाट रस्त्यावर मधोमध थांबले. मागची गाडी कशीबशी थांबली.

"पुन्हा असं झालं तर यंत्र कपाटात आणि बाबा घरात," मामेबहीण म्हणाली. ती बोलते ते करते.

"पायरी ऐकू आली म्हणून थांबलो," मामा एवढंच म्हणाले.

यंत्राच्या नोंदीत तेव्हा सूचनाच नव्हती. भाच्याने कॅमेरा तपासला, कोड उलटापालटा केला, चिपवर खापर फोडून पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अखेर तो नुसतं गाणं शेवटपर्यंत ऐकायला बसला. कडवं अर्ध्यावर सोडून मामी म्हणाली, "अहो, पायरी." लगेच मामांचा आवाज, "दिसली." त्यावर मामी खूप हसली, कारण मामांना ती कसली दिसतेय. भाच्याला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तो मामांकडे गेला. "मामा, ते यंत्र नव्हतं. गाण्यात मामी बोलली होती."

"मला माहीत नाही होय? तुझं यंत्र मला अहो म्हणत नाही."

"मग थांबलात कशाला? गाडीखाली आला असतात."

"ती पायरी म्हणाली आणि मी चालत राहिलो, असं कधी झालंच नाही रे."

भाच्याने ते दोन शब्द गाण्यातून कापले आणि सूचनांमध्ये नेऊन बसवले. मामांचं 'दिसली' मात्र त्याने काढून टाकलं.

सकाळी मामेबहीण हाताची घडी घालून मागून चालत होती. सपाट रस्ता मामांनी न थांबता पार केला. बागेच्या फाटकाशी गाणं खाली बसलं.

"अहो, पायरी."

मामा थांबले. पुढे खरोखरच पायरी होती. मुलीने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"दिसली," मामा म्हणाले, आणि त्यांनी पाऊल उचललं.