तीन रिकाम्या गाठी

मी एक रुमाल आहे. नाक पुसायचा नव्हे, तसा गैरसमज नको. चांगला दोन हात लांब-रुंद, जाडाभरडा, मातकट रंगाचा. परभणीच्या कापड बाजारात बन्सीधरशेठ या घाऊक व्यापाऱ्याच्या गादीवर माझी उमेदीची वर्षं गेली, आणि आता झरी गावात एका पत्र्याच्या पेटीत मी घडी होऊन पडलो आहे. इथं बोलायला कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

जिंतूरकडच्या एका साळ्यानं मला विणलं. शेठजींनी मला विकत घेतलं ते हात झाकायला. निजामाचं राज्य होतं, हाली रुपया चालायचा, आणि घाऊक बाजारात सूट किती द्यायची ते तोंडानं बोलत नसत. शेठजी आणि गावोगावचे दुकानदार माझ्याखाली हात घालत आणि बोटं धरून ठरवत. एक बोट धरलं की रुपयामागे एक आणा सूट, दोन धरली की दोन आणे. वरून दोघंही ज्वारी कशी आहे, म्हैस व्याली का, असल्या गप्पा मारत असत. खाली मात्र बोटांची ओढाताण चाललेली असायची.

ही सूट कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं. आधी वाटायचं, आमचे शेठजी दिलदार. तसं काही नव्हतं. जो खण झरीत रुपयाला विकायचा, तो दुकानदारालाही रुपयालाच दिला तर त्यानं खायचं काय? गाडीभाडं, दिव्याचं तेल, उंदरांनी कुरतडलेली लुगडी, सगळं त्या दोन-तीन आण्यांत भागवायचं असतं. गठ्ठा मोठा उचलला, रोखीनं घेतला, वर्षानुवर्षं दुसऱ्या व्यापाऱ्याची पायरी चढला नाही, तर एखादं बोट वाढायचं. प्रत्येकाची सूट वेगळी. सोनपेठवाल्याला आपल्यापेक्षा जास्त मिळते हे ताडकळसवाल्याला कळतं, तर गादीवरच हमरीतुमरी झाली असती. म्हणून शेठजींचा नेम कडक होता. रुमालाखालची गोष्ट ते मुनिमाला सांगत नसत आणि बायकोलाही नाही.

मला मात्र सगळं ठाऊक असायचं. दिवसभर माझ्याखाली माणसांचे हात, घाम, तंबाखूचा वास. व्यवहार झाला की मला बाजूला भिरकावत. मी काय ऐकलं, काय सोसलं, कुणी विचारलं नाही. दुकान बंद करताना खुंटीवर टांगलं की मी आणि भिंत. फार एकटं वाटायचं.

झरीचे किशनराव आमचे दोन बोटांचे गिऱ्हाईक. त्यांचं लुगड्या-खणांचं लहानसं दुकान होतं. एका हिवाळ्यात ते तापानं गेले, आणि त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, दुकान चालवायचं ठरवलं. कापड पारखण्यात बाई नवऱ्याहून चोख होत्या. पण सूट ठरवायची कशी? भर बाजारात विधवा बाईनं परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा, मग तो रुमालाखाली का असेना, हे कुणाला खपलं असतं? तोंडानं बोलावं, तर गादीवर चार दुकानदार कान टवकारून बसलेले. तेव्हा त्यांचा दीर चंद्रभान पुढं झाला.

"वयनी, तुमी गाडीपाशी थांबा. हात मी घालतो."

शेठजींनी त्याची तीन बोटं धरली. रोखीचं जुनं घर, कर्ता माणूस गेलेला, म्हणून एक बोट वाढवलं. मग ते गोदामात गठ्ठा काढायला वळले, आणि दारातल्या गाडीपाशी चंद्रभान काय बोलला ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"एकच आणा सुटला, वयनी. शेठ लय चेंगट हाय."

बाईंकडून पैसे घेऊन शेठजींपुढं मोजायचा तोच, त्यामुळे रुपयामागचे उरलेले दोन आणे त्याच्या बंडीच्या खिशात गेले. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो असतो, पण रुमालाला तोंड कुठलं! दोन वर्षं हेच चाललं. दर खेपेला तीन बोटं आत आणि बाहेर एक. त्या दोन वर्षांइतका एकटा मी कधीच नव्हतो.

मग एका दुपारी मनकर्णाबाई स्वतः गादीच्या कडेला येऊन बसल्या. चंद्रभान बैलांना पाणी दाखवायला गेला होता.

"शेठजी, आता माल न्हाई न्यायची. दुकान बंद करायलेय मी."

"का वो बाई?"

"समोरचा तोच खण माझ्यापेक्षा आण्यानं सवंग इकायलाय. एका आण्यात गाडीभाडंबी सुटत न्हाई. तुमाला दोष न्हाई. परवडतं तेवढं तुमी देता."

शेठजींचा हात माझ्यावर होता. शेजारी दोन दुकानदार पान जुळवत बसले होते. त्यांच्यादेखत आकडा तोंडानं सांगायची सोय नव्हती. मग त्यांनी मला ओढलं, माझ्या कोपऱ्याला एकाखाली एक तीन गाठी मारल्या आणि मला बाईंपुढं सरकवलं.

बाईंचा चेहरा उतरला. गोरगरिबांना असंच गाठीत पैसे बांधून देतात. "मी मागायला न्हाई आले, शेठजी."

"अन मी देतबी न्हाई. नुसतं सोडून बघा."

परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी रागारागानं पहिली गाठ सोडली. पैसे परत पाठवायचे होते त्यांना. गाठ रिकामी निघाली. दुसरी रिकामी. तिसरीवर बोटं थांबली. त्यांनी ती सोडलीच नाही. पुढं गाडी हाकत बसलेल्या दिराच्या पाठीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"भाऊजी, शेठजी किती बोटं धरतात?"

"सांगितलं की. एक."

"मंग ह्या तीन गाठी कशाच्या?"

चंद्रभाननं मागं वळून मला पाहिलं आणि उगाच बैलांचा कासरा ओढला. झरीत उतरताना बाई म्हणाल्या, "उद्यापून तुमी वावराकडं बघा. बाजार मी करीन."

दुकान तगलं. मी बाईंकडेच राहिलो, आणि पुढं अकरा वर्षं त्या दोघांचा व्यवहार माझ्या कोपऱ्यावर झाला. बाई चार गाठी मारून मला गादीवर ठेवायच्या, शेठजी एक सोडायचे. एकदा बाईंनी पाच मारल्या, तेव्हा शेठजी पोट धरून हसले आणि एकही गाठ न सोडता मला तसंच माघारी दिलं, म्हणजे पाच आणे कबूल. हात हाताला लागला नाही, शब्द बाहेर गेला नाही. माझ्याकडे बघून माणसं हसतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीत वाटा बंद झाल्या, गिऱ्हाईक फिरकेना. शेठजींचा माल गोदामात पडून आहे, असं झरीत कळलं. बाईंनी मला घेतलं, एकूण एक गाठ सोडली आणि तांब्यात निखारे घालून माझ्या चुण्या मोडल्या. एकही गाठ नाही, म्हणजे सूट नको. या खेपेला माल पुऱ्या भावानं घेईन.

वाट मोकळी होताच त्या परभणीला गेल्या. दुकानाला कुलूप होतं. शेजारच्यानं सांगितलं, शेठजी महिन्यापूर्वी वारले.

बाई पायरीवर बसल्या, मला समोर पसरलं आणि भर बाजारात, चार माणसांदेखत, माझ्याखाली आपला उजवा हात घातला. पाचही बोटं मोकळी ठेवली. पलीकडून कुणाचा हात आला नाही.

त्यानंतर मी पेटीत आहे. बाईंचं दुकान चालू आहे, त्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडून माल आणतात. तिथं सूट तोंडानं सांगतात म्हणे. बरंच आहे, चंद्रभानसारख्यांची सोय मोडली. पण ही पेटी तुम्ही कधी उघडलीत, तर मला झटकून लगेच घडी घालू नका. एकदा माझ्याखाली हात घाला. बोटं धरायला पलीकडे कुणी नसलं तरी चालेल.