विमलाबाईंचा राजीनामा

संशयाला औषध नाही म्हणतात, आणि पंचफुलाला तो पहिल्या दिवसापासूनच जडला होता. राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबईकडं गेला, हैदराबाद तेलुगूंकडं राहिलं आणि हिमायतनगरातल्या त्या एवढ्याशा मुलींच्या कॉलेजात मराठी घेणाऱ्या उरल्या मोजून पाच. पंचफुला पाचवी. बाप दौलत काचीगुड्याला रेल्वेत खलाशी. मराठीत बी.ए. करून मास्तरीण व्हायचं, हे तिनं ठरवून टाकलेलं.

मराठीच्या विमलाबाई औरंगाबादच्या. त्या आता इथं कशाला राहतात, असं हिच्या मनानं घेतलं. त्यात बाईंनी कपाटातली पुस्तकं बांधली, प्राचार्यांशी दार लावून बोलल्या, औरंगाबादच्या शिक्क्याचं पाकीट हिला पाहताच पदराआड केलं. कुठंतरी पाणी मुरतंय, हे हिनं चौघी मैत्रिणींना ऐकवलं. पण बाईंना तोंडावर विचारील तर शपथ!

शेवटी शनिवारी तिनं कचेरीतल्या दस्तगीरसाहेबांना गाठलं. जुन्या निजामी वळणाचे कारकून. फायलीतून मान न काढता ते म्हणाले, "बाई राजीनामा लिख को दे दिये."

झालं. हिचा जीव तीळतीळ तुटला. बाईच वाऱ्यावर सोडून चालल्या, तर आपण कुणासाठी थांबायचं? विषय बदलायचा तो शेवटचा दिवस होता. रागाच्या भरात तिनं अर्जावर मराठी खोडून इतिहास लिहिला आणि तिथंच देऊन टाकला.

सोमवारी बाईंनी तिला व्हरांड्यात अडवलं, मराठी का सोडलीस म्हणून विचारलं. पंचफुला फणकारली, "तुम्हीच राजीनामा दिलात ना?"

कुणी सांगितलं म्हणून बाईंनी विचारलं, हिनं दस्तगीरसाहेबांचं नाव घेतलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. दस्तगीरसाहेबांची ती उर्दू. त्यांच्यात राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद, नोकरी सोडण्याला ते इस्तीफा म्हणतात. औरंगाबादचं बोलावणं बाईंनी नाकारलं होतं. मुलींना उगाच घोर नको म्हणून पाकीट लपवलं, आणि पुस्तकं बांधली ती दुसऱ्या खोलीत न्यायला. पाचाच्या खाली मुली आल्या की मराठी बंद, असा कॉलेजचा नियम; तेव्हा पाच मुली असतील तोवर इथंच शिकवायला मी राजी आहे, असं त्यांनी लिहून दिलं होतं.

पंचफुला तशीच कचेरीकडं वळली. अर्ज परत घेते म्हणाली. बाई सकाळीच कचेरीत त्यासाठी हात जोडून आल्या होत्या. मुदत संपली होती, मुली चारच भरत होत्या.

"आता लिहावा लागेल," बाई म्हणाल्या, "आपल्या मराठीतला राजीनामा."